रिव्हर्सल दिल्यावर पेशंट पुन्हा टेबलवर : आता कोणतं रिलॅक्संट आणि किती?

कोयनाकाठ

पेशंटची ट्यूब काढली, रिकव्हरीत नेलं आणि तासाभरात रक्तस्रावामुळे पुन्हा आत घ्यावं लागलं. आता स्नायू दुसऱ्यांदा ढिले करायला काय द्यायचं, म्हणजे कोणतं रिलॅक्संट? रिलॅक्संटचा असर उतरवणारं, म्हणजे रिव्हर्सलचं, सुगामाडेक्स परवडत नव्हतं तोवर हा प्रश्न मोठ्या शहरांपुरता होता. आता ते तालुक्याच्या गावातल्या नर्सिंग होममध्येही दिसतं, आणि नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या मुलामुलींचे फोन येतात, "सर, सुगा देऊन झालंय, आता रोक चालेल का?" (रोक म्हणजे रोक्युरोनियम, एक रिलॅक्संट.) फोनवर घाईत दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. डॉक्टर नसलेल्यांनीही वाचावं, प्रश्न विचारावेत. डोसचे आकडे मात्र भूलतज्ज्ञांसाठी आहेत.

आधी दोन रिव्हर्सलमधला फरक. निओस्टिग्मिन रिलॅक्संटला हात लावत नाही. नसेचा निरोप स्नायूला पोचवणारं रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. ते मोडणारं एन्झाइम निओ अडवतं, मग अ‍ॅसिटिलकोलीन साठतं आणि रिसेप्टरवरून, म्हणजे स्नायूवरच्या निरोप घेणाऱ्या जागेवरून, रिलॅक्संटला हटवतं. सुगामाडेक्स म्हणजे साखरेच्या आठ रेणूंचं पोकळ कडं. रक्तातलं रोक्युरोनियम त्या पोकळीत शिरतं, अडकून बसतं आणि दोन्ही मिळून लघवीवाटे जातात. रक्तातलं मोकळं रोक संपलं की स्नायूजवळचं रोकही तिकडे ओढलं जातं. व्हेक्युरोनियमलाही सुगा पकडतं, थोडं कमी घट्ट. अट्राक्युरियम, सिसअट्राक्युरियम आणि स्कोलिन (सक्सिनिलकोलीन) या इतर रिलॅक्संटना पकडत नाही. रिव्हर्सल झाल्यावरही न वापरलेलं सुगामाडेक्स रक्तात काही तास फिरत राहतं, आणि तुम्ही दिलेलं नवं रोक आल्याबरोबर पकडतं. सगळी अडचण इथे आहे.

उदाहरण घेऊ. ६० किलोची बाई, थायरॉईडचं ऑपरेशन. ट्यूबसाठी रोक ०.६ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे ३६ मिग्रॅ, मध्ये १० मिग्रॅचा एक टॉप-अप. शेवटी टीओएफवर (नसेला विजेचे चार धक्के देऊन स्नायूचे किती झटके येतात ते बघणं) दोन झटके दिसले, म्हणून सुगामाडेक्स २ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे १२० मिग्रॅ. पण कुपी असते २०० मिग्रॅची. उरलेलं ८० फेकून कशाला द्यायचं, म्हणून बरेच जण सगळी कुपी देतात आणि कागदावर सवयीने "सुगा २ मिग्रॅ/किलो" लिहितात. पाऊण तासाने मान फुगते, आवाज बदलतो.

आता गणित करा. एका रेणूला एक रेणू असा हा हिशेब आहे, आणि वजनात मोजलं तर १ मिग्रॅ रोक अडकवायला साधारण ३.६ मिग्रॅ सुगा लागतं. म्हणजे १२० मिग्रॅ सुगा जास्तीत जास्त ३३-३४ मिग्रॅ रोक अडकवू शकतं आणि २०० मिग्रॅ साधारण ५६. त्यातलं काही पहिल्या रोकमध्ये खर्च झालेलं असतं, काही मूत्रपिंडाने बाहेर टाकलेलं असतं, तेव्हा ही वरची मर्यादा समजा. पण २०० दिलेल्या बाईला तुम्ही पुन्हा ३६ मिग्रॅ रोक दिलंत तर ते सगळंच्या सगळं अडकू शकतं. हात हलतो आहे, जबडा घट्ट आहे, सर्जन विचारतो आहे, आणि सिरिंज तर रिकामी झाली.

म्हणून सुगाच्या माहितीपत्रकातला आकडा मोठा आहे. ४ मिग्रॅ प्रति किलोपर्यंत सुगा दिलं असेल तर पाच मिनिटांनंतर रोक १.२ मिग्रॅ प्रति किलो देता येतं. आपल्या उदाहरणात ७२ मिग्रॅ. चार तास उलटले असतील आणि मूत्रपिंडं ठीक असतील तर नेहमीचं ०.६ रोक किंवा ०.१ मिग्रॅ प्रति किलो व्हेक पुरतं. मूत्रपिंडाचं काम थोडं किंवा मध्यम कमी असेल तर त्या नेहमीच्या डोससाठी चार तासांऐवजी २४ तास धरायचे, त्याआधी लागलंच तर १.२ रोक. आणि ट्यूब जाईना म्हणून १६ मिग्रॅ प्रति किलो सुगा दिलं असेल तर २४ तास रोक-व्हेकचा विचारच नको. तिथे अट्राक्युरियम किंवा सिसअट्राक्युरियम.

१.२ देऊनही दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात दिलं तर असर व्हायला चार मिनिटांपर्यंत लागू शकतात, आणि तो नेहमीपेक्षा बराच आधी ओसरतो. मान फुगलेल्या पेशंटला चार मिनिटं मास्कवर ठेवणं मला पटत नाही. तिथे मी स्कोलिन घेईन, १ ते १.५ मिग्रॅ प्रति किलो. सुगा त्याच्या वाटेत येत नाही आणि स्कोलिन मोडणाऱ्या कोलिनएस्टरेज एन्झाइमलाही धक्का लावत नाही. काही रिसेप्टरवर जुनं रोक अजून बसलेलं असेल तर स्कोलिनचा असर किंचित उशिरा होऊ शकतो, एवढंच. ट्यूब गेली, झटके परत दिसले, की अट्राक्युरियम किंवा सिसअट्राक्युरियम.

इथे एक खबरदारी. टीओएफ रेशो (चौथ्या झटक्याचं पहिल्याशी प्रमाण) ०.९ म्हणजे रिसेप्टर रिकामे झाले असं नव्हे. सत्तर टक्क्यांच्या आसपास रिसेप्टर अडलेले असतानाही ०.९ दिसू शकतो. अशा पेशंटला अट्राक्युरियमचा पूर्ण ०.५ मिग्रॅ प्रति किलो डोस दिला तर तो अपेक्षेपेक्षा लवकर चढतो आणि जास्त टिकतो. ट्यूब आधीच आत असेल तर मी निम्म्यापासून सुरुवात करतो आणि टीओएफ बघत वाढवतो.


पाणंद

सर, फार दिवसांनी या विभागात असं काही वाचलं. आमच्याकडे सुगा नाही, निओ-ग्लायकोच आहे (निओस्टिग्मिन आणि जोडीला नाडी मंदावू न देणारं ग्लायकोपायरोलेट). ते दिल्यावर पेशंट परत आत आला तर?


कोयनाकाठ

पाणंद, तिथे चित्र उलटं होतं. रोक, व्हेक, अट्रा सगळी चालतात, कारण त्यांना कुणी पकडून ठेवत नाही. फक्त अ‍ॅसिटिलकोलीन साठलेलं असल्यामुळे डोस थोडा चढा लागतो आणि असर सावकाश होतो. सांभाळायचं ते स्कोलिनला. निओस्टिग्मिन रक्तातलं कोलिनएस्टरेजही अडवतं आणि स्कोलिन मोडायला तेच लागतं. ५ मिग्रॅ निओ दिल्यावर पाच मिनिटांनी १ मिग्रॅ प्रति किलो स्कोलिन दिलं तेव्हा त्याचा असर ११ मिनिटांवरून ३५ मिनिटांवर गेल्याची नोंद आहे. लॅरिंगोस्पाझमने (स्वरयंत्र आवळून बसल्याने) श्वास बंद पडला म्हणून स्कोलिन दिलंत तर ते काम करेल, जरूर द्या. पण पाच मिनिटांत श्वास येईल म्हणून वाट बघत बसू नका, व्हेंटिलेटरची तयारी ठेवा.

दुसऱ्यांदा रिव्हर्स करताना निओचा पहिला डोस हिशेबात धरा. सगळा मिळून ०.०७ मिग्रॅ प्रति किलो किंवा ५ मिग्रॅ, यातलं जे कमी ते, याच्यापुढे जायचं नाही. एन्झाइम पूर्ण अडलं की आणखी निओने काही होत नाही, नाडी मंदावणं आणि लाळ तेवढी वाढते.


गोदातीर

स्कोलिनचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या भागात फवारणीच्या हंगामात विषबाधेचे पेशंट येतात. ऑर्गॅनोफॉस्फरस औषधं कोलिनएस्टरेजच अडवतात, म्हणजे जे निओस्टिग्मिनने होतं तेच, कितीतरी पटींनी आणि कितीतरी दिवस. अशा पेशंटला ट्यूब टाकायला स्कोलिन दिलं तर श्वास तासन् तास येत नाही. तिथे आम्ही रोक घेतो, १.२ मिग्रॅ प्रति किलो. आणि ऑपरेशनसाठी आलेला शेतकरी असेल तर "फवारणी कधी केली?" हे भूल देण्याआधी विचारतोच. नातेवाईक कधी कधी चपापतात, पोलिसांचं काही आहे का म्हणून. त्यांना नीट समजावून सांगितलं की सांगतात.


निरगुडी

मी तीस वर्षं निओस्टिग्मिनवर प्रॅक्टिस केली. श्वास बघायचा, "जीभ काढा" म्हणायचं, पाच सेकंद मान उचलायला लावायची, मग ट्यूब काढायची. टीओएफचं मशीन प्रत्येक लहान नर्सिंग होममध्ये असणार नाही. आहे त्यात चांगलं काम करणाऱ्यांना उगाच अपराधी वाटायला नको असं मला वाटतं.


लॅनार्कशायरकर

निरगुडी सर, तुमच्या अनुभवाचा मान राखूनच लिहितो. मान उचलणं ही खूण पुरत नाही. रेशो ०.५-०.६ असतानाही बरेच पेशंट पाच सेकंद मान धरतात, आणि त्या वेळी घशाचे स्नायू मात्र कमजोर असतात. उलटी फुफ्फुसात जाण्याचा धोका तिथेच आहे. साध्या नर्व्ह स्टिम्युलेटरवर डोळ्यांनी किंवा हाताने चार झटके बघितले, तर ०.४ च्या वरचा फेड (झटके क्रमाने कमजोर होत जाणं) आपल्यातल्या निष्णात माणसालाही कळत नाही. म्हणजे ०.४ पासून ०.९ पर्यंतचा सगळा पट्टा नजरेआड राहतो. भूलतज्ज्ञांच्या अमेरिकन सोसायटीच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना निव्वळ लक्षणांवर विसंबायला नको म्हणतात, अंगठ्यावर आकडा मोजा म्हणतात. युरोपियन सोसायटीच्या त्याच वर्षीच्या सूचनाही तेच सांगतात.

निओसाठी त्यांनी रेषा आखल्या आहेत. अमेरिकेची ०.४ पासून पुढे, युरोपची ०.२ च्या वर. त्याखाली रोक-व्हेक असेल तर सुगा. चार झटके येण्याआधीच निओ देऊन "रिव्हर्सल दिलं" म्हणणं ही जगभर चालत आलेली सवय आहे आणि ती सोडायला हवी. निओचा पूर्ण असर यायला सात ते दहा मिनिटं लागतात, आणि ऑपरेशन संपल्यावर ओटीत तेवढं कुणी थांबत नाही.

थोडी माहिती, मी जिथे राहतो तिथली म्हणून. सुगामाडेक्स इथेच, स्कॉटलंडच्या लॅनार्कशायरमध्ये न्यूहाउस गावी ऑर्गॅनॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मलं. अँटन बॉम आणि त्यांचे सहकारी रोक्युरोनियम विरघळवायला काही शोधत होते. सायक्लोडेक्स्ट्रिन, म्हणजे तेच साखरेचं पोकळ कडं, त्याला इतकं घट्ट धरतं हे दिसल्यावर त्यातून रिव्हर्सलची कल्पना पुढे आली. युरोपात २००८ मध्ये मंजुरी मिळाली. अमेरिकेने अ‍ॅलर्जीच्या शंकेवरून तेव्हा नाकारलं आणि २०१५ च्या डिसेंबरात मान्य केलं. ती शंका खोटी नव्हती. अ‍ॅनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी) विरळा असली तरी होते, आणि बहुतेकदा सुगा दिल्यावर पहिल्या काही मिनिटांत. म्हणून ते देऊन लगेच मॉनिटर सोडवू नये. नाडी एकदम मंदावते तीही याच वेळात, अ‍ॅट्रोपिन हाताशी हवं.

आणि थायरॉईडनंतर मान फुगली तर रिलॅक्संटच्या आधी टाके. इथे २०२२ मध्ये भूलतज्ज्ञ आणि सर्जनांच्या संघटनांनी मिळून सूचना काढल्या, त्यांत जखम कॉटवरच उघडायला सांगितली आहे : त्वचेचे टाके कापा, जखम उघडा, स्नायूंचा थर मोकळा करा, रक्ताच्या गाठी काढा, पॅक करा. दाब उतरला की पुढे ट्यूब टाकणं सोपं जातं. वॉर्डमध्ये पेशंटच्या उशाशी त्यासाठी टाके कापायची कात्री आणि साहित्य ठेवलेलं असतं.


कोयनाकाठ

लॅनार्कशायरकर, टाक्यांचं मी लिहायलाच हवं होतं असं मानतो, तुम्ही ते योग्य जागी आणलंत. निरगुडी सर, नर्सिंग होममध्ये मशीन नसण्याची अडचण खरी आहे. पण भूलतज्ज्ञ स्वतःच्या बॅगेत लॅरिंगोस्कोप घेऊन गावोगाव फिरतोच. त्या बॅगेत अंगठ्याचा आकडा दाखवणारं लहान यंत्रही बसतं. मी ते बरोबर नेतो.


शेवंता

मी ओटी सिस्टर आहे. डोसचं मी काही सांगणार नाही, पण टेबलाजवळ काय होतं ते सांगते. रिकव्हरीतून पेशंट परत येतो तेव्हा बहुतेक वेळा ड्यूटी बदललेली असते. भूलतज्ज्ञही दुसरे असतात, पहिले डॉक्टर पुढच्या दवाखान्यात गेलेले. सगळे विचारतात, "रिव्हर्सल काय दिलं?" आणि चार्टवर नुसतं "रिव्हर्स्ड" लिहिलेलं असतं. डोस नाही, वेळ नाही. म्हणून आम्ही सुगा दिलं की मायक्रोपोरची पट्टी पेशंटच्या मनगटावर लावतो, वर पेनाने : "रोक / सुगा २०० / ११.४०". सगळी कुपी गेली तर २०० च लिहितो, हिशेबाने किती व्हायला पाहिजे होतं ते लिहीत नाही. निओ दिलं तर तेही तसंच.

दुसरं, अट्राक्युरियम फ्रिजमध्ये असतं. रात्री फ्रिजच्या खोलीला कुलूप असतं आणि किल्ली मेट्रनकडे. स्कोलिनही तिथेच. अशा पेशंटला आत घेताना डॉक्टर टेबलाजवळ पोचायच्या आत या दोन कुपी बाहेर काढून ट्रॉलीवर ठेवते, बर्फाच्या डब्यात. लागल्या नाहीत तर परत आत.


पाणंद

शेवंताताई, मनगटाची पट्टी उद्यापासून आमच्याकडे सुरू करतो. फाईल वॉर्डात राहून जाते, मनगट पेशंटबरोबर येतं.


सदाफुली

मी डॉक्टर नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला. माझ्या नणंदेचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा बिलात सुगामाडेक्स लिहिलेलं होतं. ते काय हे आज कळलं. तिला घरी सोडताना कुणी काहीच सांगितलं नाही, पण तिने नंतर कुठेतरी वाचलं की गर्भनिरोधक गोळ्यांवर याचा परिणाम होतो. हे खरं आहे का?


कोयनाकाठ

सदाफुली, खरं आहे, आणि हे सांगायला हवं होतं. सुगामाडेक्स प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकांनाही काही प्रमाणात पकडतं, कारण त्यांच्या रेणूचा गाभा रोकसारखाच स्टेरॉइडचा आहे. गोळी त्याच दिवशी घेतली असेल तर ती चुकली असं धरायचं आणि पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे वागायचं. इंजेक्शन, इम्प्लांट किंवा संप्रेरक असलेलं कॉपर-टीसारखं साधन असेल तर पुढचे सात दिवस जोडीला निरोधसारखं दुसरं साधन वापरायचं. डिस्चार्ज कार्डवर ही एक ओळ हवी आणि ती बाईला तोंडानेही सांगायला हवी. नवऱ्याला किंवा सासूला सांगून भागत नाही. आमच्याकडे सिस्टर तिला एकटीला बाजूला घेऊन सांगतात.

याच कारणाने पहिल्या काही महिन्यांच्या गरोदरपणात बाळंतपणाशी संबंध नसलेलं ऑपरेशन करायचं असेल तर सुगा टाळण्याकडे कल असतो, गर्भ टिकायला प्रोजेस्टेरॉन लागतं म्हणून. तिथे निओ-ग्लायको किंवा निओ-अ‍ॅट्रोपिन, आणि मशीनवर आकडा बघत.


पाणंद

शेवटचा प्रश्न. दुसऱ्या ऑपरेशननंतर परत रिव्हर्स करायचं, तेव्हा काय? पहिल्यांदा सुगा दिलेलं, दुसऱ्यांदा अट्रा वापरलं.


कोयनाकाठ

अट्रा वापरलं तर निओ. ०.०५ मिग्रॅ प्रति किलो आणि ग्लायको ०.०१ मिग्रॅ प्रति किलो. आपल्या ६० किलोच्या बाईला ३ मिग्रॅ निओ आणि ०.६ ग्लायको. बाजारातल्या तयार मिश्रणाच्या ५ मिलीच्या कुपीत निओ २.५ आणि ग्लायको ०.५ असतं, म्हणजे ६ मिली लागतात. एक कुपी मारली आणि झालं, असं तिथे होत नाही. चारही झटके आल्याशिवाय देऊ नका, आणि दिल्यावर दहा मिनिटं थांबा. अट्रावर सुगा देऊन काहीही होणार नाही. हे माहीत असतं सगळ्यांना, पण पहिल्या चार्टवर "सुगा" वाचलेलं असतं आणि दमलेल्या माणसाचा हात तिकडेच जातो.

दुसऱ्यांदा रोकच दिलं असेल तर पुन्हा सुगा चालतं. डोस नेहमीचाच, पूर्ण वजनावर : दोन झटके असतील तर २ मिग्रॅ प्रति किलो, एकही झटका नाही पण टिटॅनिक, म्हणजे वेगाने सलग दिलेल्या, धक्क्यांनंतर एखाद-दुसरा दिसतो तर ४. जाड पेशंटमध्येही प्रत्यक्ष वजन धरा, आदर्श वजन नको.

रोक आणि अट्रा दोन्ही दिली असतील तर जास्त सांभाळावं लागतं, कारण दोन्ही एकमेकांचा जोर वाढवतात. सुगा त्यातला रोकचा भाग काढेल, अट्राचा राहील. मग आकडा बघायचा, राहिलेल्यासाठी निओ द्यायचं. ०.९ येत नसेल तर पेशंटला झोपवून व्हेंटिलेटरवर थोडा वेळ ठेवायचं. अट्रा शरीराच्या तापमानाला आपोआप मोडतं, हा त्याचा मोठा गुण. पण पेशंट गार पडला असेल तर तेही रेंगाळतं, म्हणून अंगावर वॉर्मर असू द्या.


गोदातीर

सर, आमच्याकडे रोक नाही, फक्त व्हेकची ४ आणि १० मिग्रॅची पावडर येते. सुगा मात्र मिळतं. सुगानंतर तासाभरात व्हेक वाढवून दिलं तर?


कोयनाकाठ

नको. चार तासांच्या आत पुन्हा देण्यासाठी माहितीपत्रकात फक्त रोकचा डोस आहे, व्हेकचा नाही. किती व्हेक पकडलं जाईल आणि किती मोकळं राहील याचा अंदाज बांधून डोस वाढवत गेलात तर शेवटी लांबलेला ब्लॉक पदरी पडतो. घाई असेल तर स्कोलिन, नसेल तर थेट अट्रा. आणि क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) ३० च्या खाली असलेल्या पेशंटला पहिल्यापासूनच अट्रा घ्या, तिथे सुगाची शिफारसच नाही.